इमारतीची गॅसगळती तपासणी: ४५ हजार नेमके कशाचे मोजायचे?

पाऊलखुणा | शुक्रवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, जरा सविस्तर लिहिते.

कोथरूडला आमची सोसायटी आहे. दोन इमारती, सात-सात मजले, ९६ सदनिका. पाइप गॅस येऊन अकरा वर्षं झाली. मी दोन वर्षांपासून सेक्रेटरी आहे.

गेल्या महिन्यात बी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्यात गॅसचा वास येतो अशी तक्रार आली. बिलावरच्या आणीबाणी क्रमांकावर फोन केला, पाऊण तासात कंपनीचा माणूस आला. साबणाचं पाणी लावलं तर डक्टमधल्या एका जोडावर बुडबुडे. त्याने व्हॉल्व्ह बंद करून जोड नीट बसवला, पुन्हा साबण लावून दाखवला आणि गेला. इथपर्यंत सगळं ठीक.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या मजल्यावरच्या तीन घरांना आठ-दहा दिवसांपासून वास येत होता. एका घराला वाटलं ड्रेनेज तुंबलंय. दुसऱ्यांना वाटलं शेजारच्यांचं दूध उतू जाऊन शेगडी विझली असेल. तिसऱ्या घरात आजी एकट्या असतात. त्यांनी वॉचमनला सांगितलं होतं, पण वॉचमन बदलला आणि निरोप तिथेच राहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी एका खासगी एजन्सीचं कोटेशन मागवलं. गच्चीपासून तळापर्यंत सगळे रायझर (मजल्यामजल्यांवर गॅस नेणारे उभे पाइप), डक्ट, आणि प्रत्येक घरात मीटरपासून शेगडीपर्यंत उपकरणाने तपासणी. ३८,००० अधिक जीएसटी, म्हणजे ४४,८४०. घरटी ४६७ रुपये. कमिटीत अकरा जण आहेत, सात विरोधात. त्यांची कारणं: हे कंपनीचं काम आहे, गळती असली तर वास येतोच, अकरा वर्षांत काही झालं नाही, आणि जुन्या जोडांना हात लावला तर नसलेली गळती सुरू होईल. शेवटचं कारण मलाही पूर्ण खोडता आलं नाही.

पुढच्या रविवारी सभा आहे. पैसे खर्च करावेत का? केले तर नेमकं काय मागावं?

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री ११.०२

मी तुमच्या सात जणांच्या बाजूने लिहितो. पैसे वाचवावेत म्हणून नाही.

तपासणीचा अहवाल त्या दिवसापुरता खरा असतो. सोमवारी कोणी नवीन शेगडी बसवली, मंगळवारी कोणी ओटा बदलताना पाइप वाकवला, की बुधवारी तुमचा अहवाल जुना. म्हणजे ४४,८४० हा एकदाचा खर्च नाही, दरवर्षीचा आहे. दहा वर्षांचे साडेचार लाख झाले, दरवाढ सोडून. तेवढ्यात प्रत्येक स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म लागेल आणि तो रात्रंदिवस जागा राहील. साधा अलार्म दीड-दोन हजारांना मिळतो. ९६ घरांचे दीड ते दोन लाख.

दुसरी भीती जास्त मोठी वाटते. एकदा ‘गळती नाही’ असा कागद नोटीस बोर्डावर लागला, की लोक वासाकडे अजून दुर्लक्ष करतील. ‘तपासणी झाली आहे ना, मग ड्रेनेजचाच वास असेल.’ तुमच्या तिसऱ्या मजल्यावर झालं ते कागद नसताना झालं. कागद असता तर दहाचे वीस दिवस झाले असते.

कोयना | शनिवार, सकाळी ७.३०

‘गळती असली तर वास येतोच’ या वाक्यावर मला थांबायचं आहे.

माझ्या आईचा वास २०२१ मध्ये कोविडनंतर गेला. पूर्ण. थोडा परत आला तोही उलटसुलट, कॉफी जळक्या रबरासारखी लागते तिला. ती दिवसभर घरी एकटी असते आणि स्वयंपाक तीच करते. तिच्यासाठी गॅसला वास नाही. वय झालं की वास कमी होतोच, ते कोणी तपासतही नाही. चष्म्याचा नंबर दरवर्षी बघतो, नाकाचा कोण बघतं?

शिवाय तीच हवा दहा मिनिटं घेतली की नाक तिला सरावतं. बाहेरून आलेल्या माणसाला दारातच कळतं, घरातल्याला नाही.

पाऊलखुणा, तुमच्याकडे तीन घरांना वास आला आणि तरी दहा दिवस गेले. वास येणं आणि गळती कळणं यात एवढं अंतर असतं. सभेत एवढंच सांगा.

निळी ज्योत | शनिवार, दुपारी १२.२०

शहराच्या गॅस जाळ्यावर मी २२ वर्षं देखभालीचं काम केलं, आता निवृत्त आहे. वरचे सगळे मुद्दे वाचले. सगळ्यांत तथ्य आहे.

आधी हद्द समजून घ्या. रस्त्याखालची वाहिनी, तुमच्या आवारातली भूमिगत प्लास्टिकची नळी, भिंतीवरचे लोखंडी रायझर आणि मीटर, हे कंपनीचं जाळं. मीटरनंतरची नळी, शेगडीला जोडणारी रबरी होज आणि शेगडी ही ग्राहकाची. रायझरची तपासणी खासगी एजन्सीकडून पैसे देऊन करून घेण्याआधी कंपनीला लेखी पत्र द्या, घडलेला प्रसंग तारखेसह लिहा आणि दोन्ही इमारतींच्या रायझरची तपासणी मागा. पत्राची पोच घ्या. तुमचं अर्धं कोटेशन बहुधा तिथेच कमी होईल.

खासगी एजन्सी गळती शोधू शकते, पण कंपनीच्या पाइपवर पाना लावू शकत नाही. कोटेशनमध्ये ‘दुरुस्तीसह’ असं लिहिलं असेल तर तो कागद बाजूला ठेवा.

आता ‘हात लावला तर गळेल’. याचं उत्तर तपासणीच्या पद्धतीवर आहे. साबणाचं पाणी, हातातलं गॅस डिटेक्टर, लेझर डिटेक्टर यांपैकी कशातही जोड उघडावा लागत नाही. साबण ही सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात प्रामाणिक पद्धत, बुडबुडा दिसला म्हणजे गळती तिथेच. पण जोडापर्यंत हात पोचायला हवा. सातव्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर दोरावर लटकूनच जावं लागतं. तिथे लेझर उपयोगी. जमिनीवर उभं राहून पाइपवर किरण टाकायचा, वाटेतल्या मिथेनने किरण शोषला की आकडा वर जातो. तीसेक मीटरपर्यंत चालतं, काचेतूनही चालतं. भिंतीपलीकडचं दिसत नाही, मागे परत उसळायला पृष्ठभाग लागतो, आणि वारा जोरात असला की गॅस इतका पातळ होतो की लहान गळती निसटते. म्हणून एजन्सीला विचारा: वाऱ्याच्या दिवशी काय करता? उपकरणाचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे बरोबर दाखवतं का याची पडताळणी, कधी झालं? ज्याच्याकडे उत्तर तयार नाही त्याला काम देऊ नका.

आणखी एक पद्धत असते, पुरवठा बंद करून लाइनमधला दाब उतरतो का बघायचं. ती खात्रीची आहे, पण धोक्याचीही आहे. त्याबद्दल वेगळं लिहितो, आत्ता जेवायला हाक आली आहे.

निळी ज्योत | शनिवार, दुपारी २.४५

धोका किती, हे आकड्यांत सांगितलं तर सभेत उपयोगी पडेल.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेत त्याचं प्रमाण ५ टक्के झालं की पेट घेऊ शकतो, १५ टक्क्यांच्या वर गेला की हवा अपुरी पडते. हवेपेक्षा तो बराच हलका, वर छताकडे जातो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो आणि दोनेक टक्क्यांनाच पेटतो. पाइप गॅस तुलनेने सुरक्षित म्हणतात ते यामुळे, आणि घरात येणारा दाब फक्त २१ मिलिबार असतो म्हणून.

१० बाय ८ फुटांचं स्वयंपाकघर, साडेनऊ फूट उंच. साधारण २१,५०० लिटर हवा. त्याचे ५ टक्के म्हणजे १,०७५ लिटर. मध्यम बर्नर विझलेल्या अवस्थेत उघडा राहिला तर ताशी अंदाजे २०० लिटर गॅस सोडतो. खिडकी-दार बंद आणि गॅस सगळीकडे सारखा पसरला असं धरलं तर पाच तासांहून जास्त वेळ लागेल. गॅस वर साचतो, त्यामुळे छताजवळ ती पातळी त्याच्या बरीच आधी येते. वास मात्र याच्या पाचव्या हिश्शाला, म्हणजे १ टक्क्याला यायलाच हवा असा दंडक ठेवून त्यात गंधद्रव्य मिसळलेलं असतं. म्हणजे तासाभरात. निरोगी नाकाला पुष्कळ वेळ मिळतो.

आता जोडातून गळणारा गॅस घ्या. ताशी ५ लिटर म्हणू. उघड्या स्वयंपाकघरात यातून स्फोट होण्याइतका गॅस साठतच नाही, वारा घेऊन जातो. पण तोच जोड मॉड्युलर किचनच्या १०० लिटरच्या बंद कपाटात असला तर? १०० लिटरचे ५ टक्के म्हणजे ५ लिटर. कपाट खरोखर घट्ट बंद असेल तर एका तासात. आणि त्याच कपाटात लोक मिक्सरचा प्लग पॉइंट काढतात.

गळती तीच असते, ती कुठे कोंडली जाते यावर सगळं ठरतं. माझ्या नोकरीत पोटात गोळा आला तो मोठ्या गळतीने नाही, सजवलेल्या स्वयंपाकघरांनी. मीटरसमोर लाकडी शटर, रायझरचा डक्ट फरशी लावून बंद, ड्राय बाल्कनीला काच, फॉल्स सीलिंगच्या आतून नेलेला पाइप. तपासणीत माणूस घरोघरी जातो तेव्हा हे दिसतं, कुठल्याही अलार्मला दिसत नाही. हिशेबनीस, अलार्म छताखाली लागतो, कपाटात नाही. मी अलार्मच्या विरोधात नाही, पण तो तपासणीची जागा घेत नाही.

अलार्मबद्दल अजून एक. सिलिंडर असताना घेतलेला अलार्म बऱ्याच घरांत अजून ओट्याखाली, जमिनीजवळ आहे. पाइप गॅससाठी तो तिथे निरुपयोगी. छतापासून फूटभर खाली हवा, आणि मिथेन ओळखणारा आहे का ते त्यावर वाचून घ्या. आतला सेन्सरही कायमचा नसतो, साधारण पाच वर्षांत बदलावा लागतो. तुमच्या हिशेबात तोही धरा.

हिशेबनीस | शनिवार, दुपारी ३.३०

कपाटाचं उदाहरण वाचून उठलो आणि आमच्या स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. मीटर शटरच्या मागे आहे. शटर उघडं ठेवलं आहे, उद्या सुताराला बोलावून काढून टाकतो.

खर्चाबद्दलचा मुद्दा मात्र सोडत नाही. ताशी ५ लिटरची गळती मीटर दाखवणार नाही का? रात्री सगळे बर्नर बंद करून आकडा लिहायचा, सकाळी बघायचा. फुकट तपासणी.

निळी ज्योत | शनिवार, सायंकाळी ५.१०

जरूर करा, पण त्यावर विसंबू नका. घरगुती मीटर ताशी १६ लिटरपासून पुढे अचूक मोजण्यासाठी बनवलेला असतो. त्याहून लहान प्रवाहात तो थोडंफार हलेल किंवा हलणारही नाही. आकडा पुढे गेला तर गळती नक्की. गेला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. आणि मीटरच्या आधी गळत असेल तर मीटरला त्याचा पत्ताच नसतो.

सांजवारा | शनिवार, रात्री ९.०५

दाबाच्या तपासणीच्या धोक्याबद्दल निळी ज्योत लिहिणार आहेत. त्याआधी आमच्याकडे झालेलं सांगते.

आमची इमारत ठाण्यात आहे. दोन वर्षांपूर्वी देखभालीसाठी सकाळी साडेदहाला पुरवठा बंद केला. नोटीस होती, पण भाड्याने राहणाऱ्यांपर्यंत ती पोचली नाही. आमच्या खालच्या घरात डाळ शिजत होती. ज्योत गेली, त्यांना वाटलं गॅस गेला, येईल थोड्या वेळाने. नॉब तसाच राहिला आणि घरातल्या बाई मुलाला शाळेतून आणायला गेल्या. दुपारी पुरवठा सुरू झाला. विझलेल्या बर्नरमधून गॅस यायला लागला.

त्यांच्या सासऱ्यांना जाग आली आणि त्यांनी खिडकी उघडली म्हणून पुढचं टळलं. त्यांनी दिवा लावला नाही, पंखा लावला नाही, नॉब बंद करून थेट बाहेर आले. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, जुन्या गिरणीत कामाला होते, तिथली सवय.

तपासणी करायला माझा विरोध नाही. पण पुरवठा बंद करणार असाल तर प्रत्येक घराचा व्हॉल्व्ह बंद असल्याची सही घेतल्याशिवाय परत सुरू करू नका. एक घर बंद असलं तरी त्या घराचा मीटरजवळचा व्हॉल्व्ह बाहेरून बंद हवा.

निळी ज्योत | रविवार, सकाळी ८.१५

सांजवाराताई, मला लिहायचं होतं ते तुम्ही लिहिलंत. नेमकं हेच. पुरवठा परत सुरू करण्याची पहिली मिनिटं त्या कामातली सगळ्यात धोक्याची असतात. पाऊलखुणा, तुमच्या एजन्सीला पुरवठा बंद न करता तपासणी करायला सांगा. बंद करायची वेळ आली तर ते काम कंपनीचं, तिच्या माणसांसमोर.

उत्तरायण | रविवार, सकाळी ९.५०

मी बॉस्टनजवळ राहतो, चौदा वर्षं झाली. इथला अनुभव तुमच्या प्रश्नाला जवळचा आहे म्हणून लिहितो.

इथल्या जुन्या शहरांत शंभर वर्षांच्या बिडाच्या वाहिन्या अजून जमिनीखाली आहेत. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोटारीवर मिथेन मोजणारं उपकरण बसवून शहराचे ७८५ मैलांचे रस्ते पालथे घातले. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३,३५६ गळत्या सापडल्या. शहर हादरलं, पण लगेच पुढचा प्रश्न आला, जो तुम्हालाही येणार आहे: सापडल्या, आता काय?

कारण सगळ्या एका दिवसात बुजवता येत नाहीत. म्हणून २०१४ मध्ये राज्याने कायदा करून गळत्यांची तीन प्रतींत वर्गवारी केली. पहिली प्रत म्हणजे जीविताला धोका, ताबडतोब दुरुस्ती. दुसरी म्हणजे आज धोका नाही पण होऊ शकतो, तिला ठरावीक मुदत. तिसरी म्हणजे स्फोटाचा धोका नाही, नोंद ठेवा आणि बघत राहा. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिसऱ्या प्रतीची एक गळती होती. मुलाला शाळेत सोडताना रोज वास यायचा. फोन केला की उत्तर यायचं, ‘नोंद आहे.’ तिथलं मेपलचं झाड वाळलं, जमिनीत गॅस भरला की मुळांना प्राणवायू मिळत नाही. वाहिनी बदलायला साडेतीन वर्षं लागली. तपासणी झाली, गळती सापडली, नकाशावर ठिपका पडला आणि तरी आम्ही साडेतीन वर्षं त्या वासातून गेलो.

नंतर एका अभ्यासात दिसलं की मोजलेल्या गळत्यांपैकी अवघ्या ७ टक्के गळत्यांतून निम्मा गॅस जात होता. म्हणजे मोजदाद पुरत नाही, कुठली मोठी ते कळायला हवं. हवामानाच्या दृष्टीनेही, कारण वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

आणि सांजवारांनी सांगितलं त्याचं भयंकर रूप आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर घडलं. १३ सप्टेंबर २०१८, लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर. जुनी बिडाची वाहिनी बदलण्याचं काम सुरू होतं. दाब ओळखणारी नळी बंद केलेल्या जुन्या वाहिनीवरच राहिली. तिथला दाब उतरला, यंत्रणेला वाटलं दाब कमी आहे, म्हणून तिने चालू वाहिनीत दाब वाढवत नेला. दुपारी चारनंतर घराघरांत आगी आणि स्फोट. अठरा वर्षांचा एक मुलगा गेला. सुरक्षिततेसाठी काढलेल्या कामातून हे झालं. म्हणून तुमच्या त्या सात जणांची शेवटची शंका मला चुकीची वाटत नाही. त्यावर उपाय एकच दिसतो, काम करणाऱ्याला कागदावर बांधून घेणं. काम सोडून देणं हा उपाय नाही.

नियमांचं अंतर विचाराल तर अमेरिकेत बाजारपेठांच्या भागात दर वर्षी एकदा आणि इतरत्र साधारणपणे पाच वर्षांतून एकदा तरी गळती सर्वेक्षण बंधनकारक आहे.

गच्चीवरचा पारवा | रविवार, दुपारी १.४०

तुम्ही सगळे वरच्या पाइपांचं बोलताय, मला जमिनीखालची भीती वाटते. आमच्या गल्लीत गेल्या तीन वर्षांत रस्ता पाच वेळा खणला. पाणी, ड्रेनेज, केबल, पुन्हा केबल. एकदा जेसीबीचा दात गॅसच्या नळीला लागला, फुसफुस आवाज गल्लीभर. तो तरी ऐकू आला. नुसता ओरखडा गेला असेल आणि माती टाकून बुजवलं असेल तर?

निळी ज्योत | रविवार, सायंकाळी ६.३०

पारवा, तुमची भीती योग्य जागी आहे. शहरात प्लास्टिकची नळी आपणहून क्वचित फुटते, तिला बहुतेक वेळा कोणीतरी मारलेलं असतं. साधारण मीटरभर खोल असते, वर इशाऱ्याची पट्टी असते, पण जेसीबीचालक पट्टी दिसेपर्यंत थांबत नाही.

भूमिगत गळतीचं लक्षण फसवं असतं. गॅस सरळ वर येत नाही. वर डांबर किंवा काँक्रीट असलं की तो आडवा सरकतो, केबलचा पाइप, ड्रेनेजची लाइन, सैल भराव, जिथे वाट मिळेल तिथे. दहा-पंधरा मीटरवरच्या तळघरात निघतो. आणि मातीतून जाताना गंधद्रव्य मातीत शोषलं जातं, त्यामुळे वास कमी होतो किंवा जातोच. उलट गटारातही मिथेन तयार होतो, म्हणून चेंबरमध्ये उपकरण वाजलं की लगेच घाबरायचंही नाही. फरक ओळखायला इथेन तपासतात. वाहिनीच्या गॅसमध्ये थोडा इथेन असतो, गटारातल्या गॅसमध्ये नसतो. नेमकी जागा शोधायला नळीच्या रेषेवर जमिनीत बारीक भोकं पाडून प्रत्येकातलं प्रमाण मोजतात. ती भोकं कंपनीची माणसंच पाडतील, दुसऱ्या कोणी केलं तर त्याच भोकाने नळी फुटेल.

सोसायटीने एवढं करावं: आवारात भूमिगत नळी कुठून येते त्याचा नकाशा कंपनीकडून घ्या, वॉचमनच्या केबिनमध्ये लावा, आणि फाटकाबाहेर खोदकाम दिसलं की त्याच दिवशी कंपनीला फोन. पार्किंग तळघरात असेल तर तपासणीत ते आधी.

वासावर विसंबण्याबद्दल कोयनाताईंनी लिहिलं, त्यात भर घालतो. नैसर्गिक वायूला मुळात वासच नसतो. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला गॅस इमारतीखालच्या बंद पोकळीत साचून स्फोट झाला, तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक मुलं. त्यानंतर गंधद्रव्य मिसळण्याचे कायदे आले. आपल्याकडे शहराच्या प्रवेशद्वारावरच्या स्टेशनात ते मिसळतात. आंध्रातल्या नगरमला २७ जून २०१४ ला फुटली ती मोठ्या दाबाची वाहिनी होती, त्या गॅसला गंध नव्हता. कोरड्या गॅससाठीच्या वाहिनीतून ओला, म्हणजे पाणी न काढलेला गॅस गेला, आतून गंज चढला. वीसहून जास्त माणसं पहाटे झोपेत होरपळून गेली. आतून गंजणारी नळी साबणाने कळत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी असते आणि ती ज्याची वाहिनी त्यानेच करायची असते. तुमच्या रायझरला बाहेरून गंज चढतो, क्लॅम्पखाली, भिंतीतून पाइप आत जातो तिथे, आणि संडासाच्या लाइनचं पाणी टपकतं तिथे. या तीन जागांचे फोटो मागून घ्या. आज गळत नसलेला पण पोखरलेला पाइप डिटेक्टरला कळणार नाही, डोळ्यांना कळेल.

पाऊलखुणा | रविवार, रात्री ११.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारी बसून कागद तयार केला. सभेपुढे ठेवणार आहे तो असा.

कंपनीला पत्र कालच दिलं, पोच घेतली. एजन्सीचं काम मीटरनंतरचा भाग, डक्ट आणि तळघर एवढंच. पुरवठा बंद करायचा नाही. गळती सापडली तर घरातला व्हॉल्व्ह तिथल्या तिथे बंद, सदस्यासमोर, आणि कंपनीला फोन. अहवालात ‘गळती नाही’ असं वाक्य नको, ‘या तारखेला, या उपकरणाने, या जागी आढळली नाही’ असं लिहायचं. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी त्याच पैशांत, आणि ती होईपर्यंत शेवटचे ४० टक्के द्यायचे नाहीत. उत्तरायण, तुमच्या साडेतीन वर्षांच्या ठिपक्यामुळे हे शेवटचं कलम घातलं.

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ९.००

याला माझं मत. बंद घरांचं काय ते मात्र लिहा. प्रत्येक सोसायटीत दहा-पंधरा असतात आणि तपासणी तिथेच अडते.

पाऊलखुणा | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.४५

कळवायचं राहिलं होतं.

ठराव आठ विरुद्ध तीन मतांनी झाला. पत्रानंतर नवव्या दिवशी कंपनीची दोन माणसं आली, दोन्ही इमारतींचे रायझर तपासून गेली, पैसे घेतले नाहीत. गळती मिळाली नाही, पण ए इमारतीत पाचव्या मजल्यावर क्लॅम्पखालचा पाइप इतका खवले निघालेला होता की तो तुकडा त्याच आठवड्यात बदलला. फोटो काढायला सांगितलं नसतं तर कोणी वर चढलं नसतं.

एजन्सीचं काम कमी झाल्यावर २२,००० अधिक जीएसटीवर ठरलं, २५,९६०. घरटी २७० रुपये. पहिल्या दिवशी ८१ घरं उघडी मिळाली. सात ठिकाणी गळती. पाच शेगडीच्या नॉबला किंवा होजच्या टोकाला, एक मीटरनंतरच्या जोडाला, आणि एक कपाटाच्या आत, बंद शटरमागे. ते घर आमच्या कमिटीतल्या सगळ्यात ठाम विरोधकांचं. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी स्वतः शेजारच्या चार घरांत जाऊन शटरं उघडायला लावली. २३ घरांत होजची मुदत संपली होती, मुदत होजवरच छापलेली असते, कोणी वाचलेली नव्हती. सातही जागा दुरुस्त होऊन परवा पुन्हा तपासल्या.

आजींच्या घरी गळती नव्हती. त्यांच्या दारामागे आणीबाणीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावला आहे आणि त्याखाली माझा.

हिशेबनीस, १५ बंद घरांपैकी १२ दुसऱ्या रविवारी उघडली. दोघांनी मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद ठेवायची लेखी परवानगी दिली, तो बंद करून खूण बांधली आहे. एक राहिलं आहे, सातशे तीन. मालक दुबईला, किल्ली चिंचवडला त्यांच्या मामांकडे. मामा गुरुवारी येतो म्हणाले आहेत, मी अर्धा दिवस रजा टाकली आहे.